मोडक्या शिंगाची शेळी

आमच्या बालगृहात नोकरीला लागलेला माणूस पहिले दोन महिने रात्री झोपत नाही आणि तिसऱ्या महिन्यापासून किस्से सांगायला लागतो. दुसरा इलाजच नसतो. दिवसभर जे बघायचं ते घरी नेलं तर बायको माहेरी जाईल, म्हणून चहाच्या टपरीवर सांगून टाकायचं. माझं एक बरं आहे, माझ्या किश्श्यात वेडा माणूस शोधत फिरावं लागत नाही. मी असतोच.

मी परिवीक्षा अधिकारी होतो, नेवासा तालुक्यात. हे पद माझ्या सासऱ्यांना कधीच समजलं नाही, ते सगळ्यांना 'जावई सरकारी आहेत' एवढंच सांगत. काम असं, की बालगृहातल्या मुलांच्या घरी जायचं, चूल पेटते का बघायचं आणि बालकल्याण मंडळाला कळवायचं. मूल घरी जाणार की नाही ते मंडळ ठरवणार. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो आणि टरकून असायचो.

ज्या वर्षी बीडकडं प्लेग निघाल्याची बोंब झाली, त्या वर्षी आमच्याकडं रोगी एक नाही आला, पण आठवडी बाजार बंद झाले. सोनईच्या बाजारात भाजी विकणारी हौसाबाई एका फटक्यात रिकामी बसली. नवरा वारलेला. ती काम शोधत गावोगाव हिंडत असताना तिची सात वर्षांची मंगल एसटी स्टँडवर एकटी सापडली, म्हणून पोलिसांनी आमच्याकडं आणली. आता घरात पोरीच्या खाण्यापिण्याची सोय दिसली तर मंगल घरी जाणार, नाहीतर लांबच्या मोठ्या संस्थेत. तिथं गेलेली पोर लवकर परत येत नाही, हे हौसाला ठाऊक होतं. ती एकच म्हणायची, बाजार भरू द्या, मग या. पण मंडळाला घर आजचं बघायचं होतं.

*

हौसाच्या वस्तीवर पहिल्यांदा गेलो तो थाटात. तोंडाला निलगिरीचं तेल लावलेला रुमाल, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. साथीच्या दिवसांत अधिकाऱ्यानं आदर्श घालून द्यायला नको का?

वस्तीची दारं पटापट लागली. शेवटी काशीबाई नावाची म्हातारी बाहेर आली. लांबूनच 'जयभीम' म्हणाली, लिंबाखाली चहाचा कप ठेवला आणि चार पावलं मागं सरकली. मला वाटलं, काय हा मान!

मी चहा प्यायला तेव्हा ती मायेनं म्हणाली, "कप तितंच ऱ्हाऊ द्या साहेब. तुमाला कदीपासनं झालाय?"

*

मग मी मुलांच्या आयांची बैठक घेतली. विषय, समतोल आहार. सोबत तक्ता होता, त्यावर दूध, अंडी, सफरचंद, सगळं रंगीत. मी तासभर बोललो. मुलांना सकाळी दूध, दुपारी पालेभाजी, आठवड्यातून दोनदा अंडं. बाया इतक्या मन लावून ऐकत होत्या की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका?

हौसा उठली. म्हणाली, "मंगल तुमच्याकडं हे समदं खाती?"

म्हटलं, अर्थात. सफरचंद सोडून.

"मंग मलाबी न्हेऊन ठिवा की. सफरचंद नगं मला."

सगळ्या हसल्या, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. तक्ता मी कपाटामागं टाकून दिला.

*

रविवारी आईबाप मुलांना भेटायला येत. साथीच्या दिवसांत ते नेमके जेवणाच्या वेळेला येऊ लागले आणि आमच्या स्वयंपाकीण शांताबाई त्यांनाही ताट वाढू लागल्या. धान्य मोजून यायचं, आणि वरून विचारणा झाली की मान माझी. म्हणून मी कडक नियम काढला, भेटीची वेळ दुपारी तीन ते चार. जेवण बारालाच उरकलेलं असणार. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली, अशा खुशीत मी पुढच्या रविवारी साडेतीनला चक्कर टाकली.

अंगणात पंगत बसलेली. मुलं, आईबाप, सगळे. हौसा मंगलला भरवत होती, मंगल हौसाला.

शांताबाई पळी न थांबवता म्हणाल्या, "आज डाळच शिजंना, साहेब."

त्यानंतर प्लेग संपेपर्यंत दर रविवारी आमची डाळ तीन वाजेपर्यंत शिजत नव्हती. मी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता.

*

आता शेळीचं ऐका. त्या वस्तीवर आमच्याकडच्या मुलांची तीन कुटुंबं होती. पहिल्या घरी गेलो, दारात दुभती शेळी बांधलेली. वा! पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी गेलो, तिथंही शेळी. हौसाकडं गेलो, तिच्याही दारात शेळी. मी प्रत्येक वेळी मंडळाला कळवलं, घरात दुधाची सोय आहे. मनात म्हटलं, बाजार बंद असूनही माणसं कशी सावरलीत बघा.

फक्त एक गोष्ट खटकली. तिन्ही शेळ्यांचं डावं शिंग मोडकं होतं. साथीचे दिवस, मी सावध झालो. तडक गुरांच्या डॉक्टरांकडं गेलो आणि सांगितलं, त्या वस्तीवर शिंगांचा काहीतरी रोग पसरतोय.

डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, "साहेब, त्या वस्तीवर शेळी एकच आहे. काशीबाईची."

*

हे मी मंडळाला कळवावं की नाही, या विचारात असतानाच निरोप आला. मोठ्या बाई स्वतः हौसाचं घर बघायला येणार होत्या, त्याच दिवशी दुपारी. माझ्या अहवालांवर त्यांचा विश्वास उरला नसावा. माझाही नव्हता.

मी स्कूटर काढून वस्तीवर गेलो. हौसानं घर सारवून ठेवलं होतं, मंगलचा फ्रॉक धुऊन दोरीवर टाकला होता. दारात खुंटा मोकळा.

"शेळी कुठाय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "म्हातारी लेकीकडं गेली सोनईला. शेळी घिऊन." आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

मला तिचा राग आला, मंडळाचा आला, सगळ्यात जास्त माझ्या नोकरीचा आला. स्कूटरला किक मारली.

सोनईत काशीबाईनं एक शब्द विचारला नाही. शेळी स्कूटरवर माझ्या दोन पायांच्या मध्ये उभी केली आणि बजावलं, हिला भूक लागली तर ही ऐकत नाही. घोडेगावच्या अलीकडं तिनं माझा निलगिरीचा रुमाल खाल्ला. थोड्या वेळानं मागून जीप आली. जीपमध्ये मोठ्या बाई! आमची नजरानजर झाली नाही, कारण मी उसाकडं बघत होतो. शेळी मात्र जीपकडं बघत होती.

जीप डांबरी रस्त्यानं गेली, मी कॅनॉलच्या वाटेनं घुसलो. पोचलो, शेळी खुंट्याला बांधली, घाम पुसला आणि हौसाच्या ओट्यावर गंभीर चेहरा करून बसलो.

मोठ्या बाई आल्या. घर बघितलं, चूल बघितली, मंगलचा फ्रॉक बघितला. शेळीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या स्कूटरपाशी गेल्या. पाय ठेवायच्या जागी ताज्या लेंड्या पडल्या होत्या, त्या त्यांनी नीट निरखल्या. हौसा दाराला धरून उभी होती.

"मुलीला उद्या घरी आणून सोडा," मोठ्या बाई म्हणाल्या.

हौसानं दोरीवरचा फ्रॉक काढून त्याची घडी घातली. मी त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेलो. आत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"परवा मी पुणतांब्याला एक घर बघायला जाणार आहे," त्या म्हणाल्या. "लांब आहे. पहाटेच निघा."