जावईबापूंच्या फोनवर

माझ्या आईला एकच मोबाइल नंबर तोंडपाठ होता, माझ्या मिस्टरांचा. साखऱ्याला ती एकटी राहायची, अडीनडीला असावा म्हणून पाठ केलेला. गावात आरोग्याचं कार्ड काढायला माणसं आली तेव्हा तिने तोच घडाघडा सांगितला. दवाखान्याचे कागद आता कार्डावरच राहणार, पिशवी सांभाळायला नको, म्हणून खूशही झाली.

तशी आई मोकळी बाई. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही गुडघ्यापासून दातांपर्यंत सगळी दुखणी सांगायची. पण जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. ते ओसरीवर बसले की ही दाराआडून बोलायची. मिस्टरही सासूसमोर मान वर करायचे नाहीत. मी दोघांचीही टिंगल करायची.

छातीत गाठ हाताला लागली तेव्हा ती शेजारणीला घेऊन हिंगोलीला तपासून आली. मला सांगितलं, अंगात रक्त कमी आहे. रिपोर्ट मोबाइलवर येईल, असं तिथे कळल्यावर तिच्या ध्यानात आलं, कुणाच्या मोबाइलवर ते. त्यानंतर ती तिकडे फिरकलीच नाही. शेजारणीने पुष्कळ विनवलं. "माझं असलं जावईबापूंच्या फोनवर? मेलेली बरी," म्हणाली. मला हे फार उशिरा कळलं.

रिपोर्ट आला होता. मिस्टरांनी वर आईचं नाव आणि कशाची तपासणी, एवढंच वाचलं आणि फोन पालथा घातला. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

मग ती आमच्याकडे शिरड शहापूरला आली, तर तिला तांब्या उचलवेना. मी तिची चोळी सोडून पाहिलं आणि तशीच गाडी बोलावली. नांदेडला नेलं. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट विचारले. मिस्टरांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला, पालथाच. "याच्यात हाय. मी वाचला न्हाई." मी उघडला. तारीख पेरणीच्या दिवसांतली होती, आणि आता शेतातली हळद काढणीला आली होती.

डॉक्टरांना सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर हवं होतं. फोनने विचारलं, माहिती दाखवायची का? हो किंवा नाही. मी आईला विचारलं. तिने त्या फोनसमोरही पदर पुढे ओढला. "डाक्टरांनी बघावं, तू बघ, नर्सबाईनं बघावं. फकस्त त्यांनी न्हाई." तसं सांगायला फोनमध्ये जागाच नव्हती. मी 'हो' दाबलं. मिस्टर केव्हाच बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पुढची पेरणी आईने पाहिली नाही. मी मिस्टरांशी कडाकडा भांडले. "काहून सांगितलं न्हाई मला?" ते लेकरासारखे रडत म्हणाले, "त्यांनी जन्मभर मला तोंड दाखवलं न्हाई. मी त्यांचं असलं कसं बोलू?" माझी आई त्या दोघांच्या मर्यादेने नेली, आणि त्यात वाईट मन कुणाचंच नव्हतं. राग काढायला माणूस तरी हवा होता मला.

मागच्या आठवड्यात आईच्या नावाने मेसेज आला, तपासणीला या म्हणून. मिस्टरांनी फोन पालथा घातला आणि खाली मान घालूनच मला हाक मारली, "अगं, तुझ्या आईचं आलंय. तू बघ."

हीच हाक तेव्हा मारायची होती.