विहिरीतल्या नवरीची किंकाळी

लोरेदानाच्या सलूनमध्ये मदोन्नेची, म्हणजे मेरीमातेची, तसबीर आहे, नाही असं नाही. पण ती गल्ल्यामागे, जरा कोपऱ्यात. आरशांच्या वरची मोक्याची जागा मात्र गळा आवळलेल्या, कड्यावरून ढकललेल्या आणि विहिरीतून वर येणाऱ्या बायकांनी अडवलेली. सगळी जुनी पोस्टरं, काचेच्या चौकटीत बसवलेली. रोमच्या क्वाद्रारो वस्तीतल्या बायका डोक्याला रोलर लावून या प्रेतांखाली बसतात आणि सुनांच्या कागाळ्या करतात. एखादी नवी बाई दचकलीच, तर लोरेदाना हातातली कात्री न थांबवता म्हणते, ‘घाबरू नका सिन्योरा, इथे फक्त केस कापतात.’

हे वेड लहानपणचं. तिची मावशी चौकातल्या सिनेमा थिएटरात तिकीट खिडकीवर बसायची. शहरातल्या मोठ्या थिएटरांत महिनोन्‌महिने चालून, ओरखडे पडून, तुकडे जोडून जोडून आलेली रिळं या थिएटरात लागायची. भयपटांना लहान मुलांना बंदी होती, म्हणून मावशी भाचीला मागच्या दाराच्या पडद्याआड बसवायची आणि हातात भोपळ्याच्या खारवलेल्या बियांचा कागदी कोन द्यायची. पोर घाबरेल, पुन्हा यायचं नाव काढणार नाही, असा मावशीचा हिशेब होता. पोर घाबरली खरी, पण दुसऱ्या दिवशी मावशीच्या आधी दारात हजर.

शहाण्या माणसांनी या सिनेमांना कायम नाकं मुरडली. मुरडोत बापडी! त्यांना काय कळणार, की एक पडका किल्ला भाड्यानं घेऊन त्यात एकापाठोपाठ दोन सिनेमे उरकायचे, तोच जिना एकदा सरदाराचा आणि एकदा वेड्यांच्या इस्पितळाचा म्हणून दाखवायचा, आणि तरीही बघणाऱ्याच्या अंगावर काटा उभा करायचा, याला काय लागतं! रक्त रंगाच्या डब्यासारखं लालभडक. कॅमेरा एकदम डोळ्यात घुसायचा, इतका की पापण्यांचे केस मोजावेत. आणि खून चालू असताना मागे वाजणारी धून एवढी गोड, की घरी जाताना माणूस तीच गुणगुणायचा आणि मग स्वतःलाच लाजायचा. लोरेदानाला हे सगळं आवडायचं. त्यातली लबाडीसुद्धा आवडायची. रोमच्या लोकांना रोमचं भूत चालत नसे, भूतही अमेरिकेहून आलेलं लागे. म्हणून दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सगळे पोस्टरवर इंग्रजी नावं लावायचे आणि शूटिंग संपलं की ट्राम पकडून घरी पास्ता खायला जायचे.

पण तिचा खरा जीव अडकला होता तो एका सिनेमात. ‘विहिरीतल्या नवरीला तहान लागते’. नायिका व्हेरा हॅलोवे, म्हणजे पोस्टरवर. खरी ती फ्रोसिनोनेकडची असुंता, गवंड्याची मुलगी. शेवटच्या रिळात ती विहिरीत डोकावते, आतून हात वर येतो आणि ती किंकाळते. ती किंकाळी खालून, पोटातून निघते, चढत जाते, मध्येच उचकी लागावी तशी तुटते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग जी वर जाते ती थिएटरचं छप्पर घेऊन. लोरेदाना म्हणायची, ‘इटलीत मोठमोठ्या गायिका झाल्या. पण त्या एका उचकीची सर कुणाला नाही.’ तिच्या नवऱ्यानं एकदा वैतागून सांगितलं, ‘एक तर ती विहीरवाली या घरात राहील, नाहीतर मी.’ तो आता लातिनाला असतो, बहिणीजवळ.

या सिनेमांचे आवाज नंतर भरतात, हे तिला ठाऊक होतं. सेटवर आवाज घेतच नसत. कॅमेरा फिरत असताना सुतार हातोडे मारायचे, कोणी पैजा लावायचं, आणि नायिका प्रेमाच्या प्रसंगात नुसतं एक, दोन, तीन, चार म्हणत ओठ हलवायची. बोलणं मग अंधाऱ्या खोलीत दुसरंच कोणीतरी बोलायचं. हे सगळं ती गिऱ्हाइकांना रंगवून सांगायची. पण किंकाळीही दुसऱ्याची असेल, हे तिच्या मनाला कधी शिवलं नाही. बोलणं उसनं घेता येतं, पण किंकाळी कशी उसनी घेणार?

सिन्योरा एलिदे तिच्याकडे दर शुक्रवारी यायच्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, चर्चच्या गायनमंडळात पुढच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या. नवरा दुइलिओ ट्राम चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवरच्या पोस्टरांकडे त्या पाठ करूनच बसायच्या.

‘लोरे, ते काढ गं एकदाचं. जेवण जात नाही घशाखाली,’ असं दर वेळी म्हणायच्या.

‘सिन्योरा, तुम्ही इथे जेवायला येता की केस धुवायला?’ लोरेदाना विचारायची, आणि बाजूच्या खुर्चीवरची पीना खुदकन हसायची. पीना ही समोरच्या बेकरीची मालकीण. तोंडाची फटकळ.

त्या शुक्रवारी बॉयलरनं दगा दिला. वरच्या मजल्यावर कोणीतरी गरम पाणी सोडलं की लोरेदानाचा बॉयलर रुसतो, हे तिला माहीत असायला हवं होतं. एलिदेंची मान बेसिनवर मागे टाकलेली, डोळे मिटलेले, आणि नळातून एकदम बर्फगार पाणी आलं ते थेट मानेवर.

एलिदे किंकाळल्या.

पोटातून निघालेली, चढलेली, मध्येच तुटलेली, आणि मग वर गेलेली.

पीनाच्या हातातलं मासिक गळून पडलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस दारात डोकावला. लोरेदाना मात्र हातात नळी धरून तशीच उभी. पाणी तिच्या चपलांवर पडत होतं आणि डोळ्यांतून गालांवर.

‘अगं, बंद कर ते! न्यूमोनिया देतेस का मला?’ एलिदे ओरडल्या.

‘पुन्हा करा,’ लोरेदाना म्हणाली.

‘काय?’

‘तेच. एकदाच. पाया पडते तुमच्या.’

‘डोकं फिरलंय हिचं!’ पीना म्हणाली. ‘म्हातारीला मारतेस आणि वर पुन्हा मर म्हणतेस?’

एलिदेंनी टॉवेल ओढून घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो थंड पाण्यानं नव्हे. लोरेदानानं ते पाहिलं आणि नळ बंद केला. पीनाचे केस तिनं त्या दिवशी इतक्या घाईनं वाळवले, की पीना आठवडाभर तिच्या नावानं बोटं मोडत होती.

दुकान रिकामं झालं तेव्हा लोरेदानानं कॉफी आणली. ‘ती तुम्ही होतात,’ ती म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

एलिदेंनी साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली. ‘मी टाइपिस्ट होते,’ त्या म्हणाल्या. ‘डबिंगच्या कंपनीत, वरच्या मजल्यावर. ज्या बाईचा आवाज नायिकेला द्यायचे ना, तिचा गळा फार किमती. ती किंकाळायला तयार नसायची. एकदा माझ्या टेबलावर शाईची बाटली लवंडली आणि मी ओरडले. साहेब खालून धावत आले. मला वाटलं, आता गेली नोकरी! तर म्हणतात, चला खाली.’

‘मग?’

‘मग काय! फिल्मचा छोटा तुकडा, दोन्ही टोकं जोडलेला, पडद्यावर गरगर फिरत राहायचा. त्या पोरीचं तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. तिच्या ओठांवर डोळे ठेवायचे आणि बरोब्बर त्यात ओतायचं. पुढे पुढे तर नुसती हाक यायची, एलिदे, खाली ये, खून आहे. मी पत्र अर्धं टाकून जायची, मरायची आणि वर येऊन उरलेलं पत्र टाइप करायची.’ त्या पहिल्यांदाच हसल्या.

‘आणि दुइलिओंना?’

‘त्याला वाटायचं मी फक्त टाइप करते. सासू म्हणायची, असल्या सिनेमात काम करणाऱ्या बायका म्हणजे…जाऊ दे. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. एकदा उन्हाळ्यात उघड्या मैदानावर तो तुझा विहिरीचा सिनेमा लागला. दुइलिओ मला घेऊन गेला. माझी किंकाळी आली तसा त्यानं माझा हात घट्ट धरला. म्हणाला, काय गळा आहे गं या अमेरिकन बाईचा, काळीज हललं माझं! आणि मी भोपळ्याच्या बिया सोलत बसले.’

लोरेदानानं भिंतीवरच्या पोस्टराकडे पाहिलं. आयुष्यभर जिच्या फोटोसमोर मान तुकवली, तिचा गळा इतकी वर्षं आपल्याच बेसिनवर मान टाकून पडत होता, आणि ती त्यावर शाम्पू चोळत होती. तिला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

‘पुढच्या रविवारी दुपारी व्हेत्सिओ आपल्या थिएटरात तोच सिनेमा लावतोय,’ ती म्हणाली. व्हेत्सिओ म्हणजे थिएटरचा आत्ताचा मालक. ‘असुंता स्वतः येणार आहे. तिची ओळख मीच करून द्यायची आहे. मी सगळ्यांना सांगते, सिन्योरा. हे तुमचं आहे.’

‘खबरदार!’ एलिदेंनी कप खाली ठेवला. ‘घे शपथ. दुइलिओ गेला. आता जगाला सांगितलं, तर एवढंच होईल, की ज्याला सांगायचं त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं. तू बोल, त्या बाईचं कौतुक कर. मी पाचव्या रांगेत बसून ऐकेन. मला तेवढं पुरे.’

तेवढं पुरे, असं म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला होता ते लोरेदानानं ऐकलं. पण शपथ घेतली.

तो आठवडा तिला झोप लागली नाही. खरं बोलावं तर शपथ मोडते. खोटं बोलावं तर ज्या एका गोष्टीवर तिनं जन्मभर जीव टाकला तिच्याशीच बेइमानी. एका गिऱ्हाइकाचे केस तिनं सांगितल्यापेक्षा बोटभर जास्त कापले आणि वर तिलाच झापलं.

रविवारी थिएटर भरलं. निम्मी तरुण पोरं, काळ्या टीशर्टांतली, दूरदूरच्या गावांहून आलेली. आणि निम्म्या क्वाद्रारोच्या म्हाताऱ्या, कारण व्हेत्सिओनं पीनाकडून क्रीम भरलेले पाव फुकट ठेवले होते. असुंता काठी टेकत स्टेजवर आली. लाल लिपस्टिक, ताठ मान, डोळ्यांत अजून तीच जरब. लोक उभे राहिले.

लोरेदाना माइकपाशी गेली. लिहून आणलेला कागद तिनं घडी करून खिशात कोंबला.

‘मी शिकलेली नाही,’ ती म्हणाली. ‘पण माझ्या आईच्या अंत्ययात्रेत मी रडू शकले नव्हते. घरी आले, हा सिनेमा लावला, आणि ती किंकाळी आली तेव्हा रडले. कुणीतरी माझ्या वतीनं ओरडत होतं. जिच्या गळ्यातून ती आली, तिला मला एवढंच सांगायचंय, की बाई, तुम्ही आम्हाला फार दिलंत.’ हे सगळं बोलताना ती पाचव्या रांगेकडे बघत होती. असुंताचं नाव तिनं घेतलं नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

टाळ्या पडल्या, आणि मागून पोरांनी गलका सुरू केला. ‘किंकाळी! किंकाळी! एकदा होऊन जाऊ दे!’

असुंता हात हलवून नको नको म्हणत होती. ‘अरे बाळांनो, वय झालं माझं…’ पण पोरं ऐकतात कसली! पाय आपटायला लागली. व्हेत्सिओ घाबरून लोरेदानाकडे बघायला लागला आणि लोरेदाना जमिनीकडे. म्हातारी नटी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, आणि तिला वाचवायला एकच वाक्य पुरेसं होतं, जे लोरेदानाला बोलता येत नव्हतं.

शेवटी असुंतानं काठी टेकली, एक पाऊल पुढे आली, आणि समोर विहीर असावी तशी खाली डोकावली. चेहरा असा बदलला की पुढच्या रांगेतली पीना मागे सरकली. तिनं तोंड उघडलं. सेटवर उघडायची तसं, पूर्ण, आणि आवाजाविना. तिला तेवढंच येत होतं. तेवढंच तिनं कधीकाळी केलं होतं.

पाचव्या रांगेत एलिदे उभ्या राहिल्या होत्या. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरलेली, डोळे असुंताच्या ओठांवर.

किंकाळी पोटातून निघाली. चढली. असुंताचे ओठ क्षणभर थरथरले, त्याच क्षणी ती तुटली. मग ओठ पुन्हा फाकले आणि ती वर गेली, म्हातारी, थोडी चिरकी, पण तीच. असुंतानं तोंड मिटलं तेव्हा आवाज थांबला. एका श्वासाचाही फरक नाही.

थिएटरात कुणी हललं नाही. पोरंसुद्धा.

असुंता कपाळावर हात धरून दिव्यांच्या पलीकडे शोधत होती. ‘इतकी वर्षं,’ ती म्हणाली, ‘लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, काय किंकाळलीस! आणि मी आभार मानते. कुणाचे मानायचे ते मला कुणी सांगितलंच नाही.’ ती स्टेजच्या कडेपर्यंत आली. ‘तुमचं नाव काय, सिन्योरा?’

एलिदे खाली बसायला निघाल्या होत्या. लोरेदानाला वाटलं, आता या पर्स उचलून निघून जाणार.

‘मोठ्यानं सांगा,’ असुंता म्हणाली. ‘सगळ्यांना ऐकू दे.’

एलिदेंनी नुकतेच सेट केलेले केस हातानं सारखे केले आणि गायनमंडळात उभ्या राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या.

‘एलिदे,’ त्या म्हणाल्या. ‘ट्रामवाल्या दुइलिओची बायको. त्याला फार आवडली होती.’