पांढऱ्या धातूचे एकवीस नग

नातवंडांनो, आजी पोलिसात होती हे तुम्ही मित्रांना कौतुकाने सांगता. म्हणून हेही तुम्हाला माहीत असावे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला, एका ठाण्यात फौजदार होते. आठवडी बाजारात डोंगराकडच्या एका बाईचा रुपयांचा हार चोरीला गेला. जुने, राणीचे चित्र असलेले चांदीचे एकवीस रुपये, प्रत्येकाला कडी जोडलेली. चोर दोन दिवसांत सापडला. पंचनामा मीच लिहिला. मुद्देमाल आमच्या हवालदाराने खोलीत ठेवला. खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला असे.

पाच महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने हार परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ठाण्यात हजर.

"ह्या मना रुपया नहीत, ताई. मना रुपयास्ना काठ घसायेल व्हता, ह्या टोचतस. गळाले हालका बी लागतस."

हवालदार हसला. "अक्का, पाच महिन्यांत मान जाड झाली असेल तुझी!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईसाहेब, हिनेच बदलले असतील. खोट्या तक्रारीची केस करू."

बाई हलली नाही. आठ दिवसांवर मुलीचे लग्न होते. त्यांच्यात आईचा हार मुलीच्या गळ्यात जातो. हार सासरी खोटा निघाला असता तर मायलेकी दोघींची अब्रू गेली असती.

मी हार घेऊन बाजारपेठेतल्या एका वृद्ध सोनारांकडे गेले; सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी राणीकडे पाहिलेच नाही. रुपया आडवा धरून काठावर भिंग लावले.

"चेहरा कोणीही उठवतो, बाई. काठ बघा."

काठावरच्या दातऱ्यांच्या मधोमध केसाएवढी तांबूस रेघ होती. तांब्यावर चांदीचा पत्रा. काट्यावर टाकला, तर तोळ्याला दीड मासा, म्हणजे आठवा हिस्सा, कमी. एकवीसच्या एकवीस तसेच.

"कोण बनवतं असे?"

आबा जरा घुटमळले. "धुळ्याला एक कारागीर आहे. पण त्याचा पत्ता दिवाळीत तुमच्याच हवालदाराने माझ्याकडून नेला होता."

मी दुकानाच्या पायरीवर बसले.

ठाण्यात हवालदाराला समोर बसवले, दारे लावली, रुपया टेबलावर ठेवला. तो शांत होता. रडेल, पाया पडेल, असे मला वाटले होते.

"पंचनामा काढा, बाईसाहेब. 'पांढऱ्या धातूची नाणी, नग एकवीस.' चांदी कुठे लिहिलंय? वजन कुठे लिहिलंय? हाही पांढराच धातू आहे. नग एकवीसच आहेत. खाली सही आपली आहे."

आम्ही सगळेच तसे लिहीत असू. सोने असले तरी 'पिवळा धातू', म्हणजे पुढे ते खोटे निघाले तरी कोर्टात पंचाईत नको. ती सावधगिरी त्याने पाच महिने शांतपणे वापरली होती. सकाळी माझ्या टेबलावर चहा ठेवणारा हाच माणूस.

मी वरिष्ठांना फोन केला आणि त्याच दुपारी पंच घेऊन धुळे गाठले. कारागिराच्या पेटीत अठरा अस्सल रुपये मिळाले. घासलेले, कडीसकट. नवे ठसे उठवायला त्याने नमुने म्हणून राखले होते. तीन त्याने वितळवले होते. त्याच्या जबाबावरून हवालदाराला अटक झाली.

कोर्टाकडून तातडीने परवानगी काढून लग्नाच्या आदल्या दिवशी अठरा रुपये बाईच्या ओंजळीत दिले. प्रत्येकाचे वजन पावतीवर लिहिले. म्हटले, "अक्का, चूक माझी. वजन मी तेव्हाच लिहायला हवं होतं."

तिने एकेका रुपयाच्या काठावरून अंगठा फिरवला. मग सरळ विचारले, "तुले लिखता येस ना? मंग लिखं का नही?"

टोमणा नव्हता. तिला खरेच कळत नव्हते. पुढे निवृत्तीपर्यंत एकही पंचनामा मी वजनाशिवाय लिहिला नाही. सहकारी चेष्टा करत, मला 'तराजूवाल्या बाई' म्हणत. मी म्हणू दिले. त्या मुलीच्या हारात तीन रुपये कमीच राहिले.