शेंगा फोडणारा हात

भानुदास सरांशी माझी पहिली भेट म्हणजे माझा अपमानच होता, असे मला बरेच दिवस वाटत असे. देवळाली प्रवऱ्याहून माझी पहिली एकांकिका घेऊन मी त्यांच्या भिंगारच्या घरी गेलो होतो. एवढ्या नावाजलेल्या नाटककारांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. "मोठ्याने वाचा," एवढेच म्हणाले. समोर त्यांच्या पत्नी, शांताकाकू, सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. माझे वाचन संपेपर्यंत त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

"त्यातली आई लई बोलती," काकू म्हणाल्या. "भाकरी थापताना येवढं कोन बोलतं?"

मी रडवेला झालो. सरांनी मला जेवायला बसवले आणि सांगितले, की त्यांचे प्रत्येक नाटक याच परीक्षेला बसते. ज्या संवादाला काकूंचा हात थांबला, तो ठेवायचा. चालू राहिला, तो खोडायचा. एका लाडक्या स्वगतावरून म्हणे घरात दोन दिवस अबोला होता, पण स्वगत गेले ते गेलेच.

सरांवर प्रभाव कोणाचा, असे अभ्यासक विचारतात. मी जामखेडच्या आठवडी बाजाराचे नाव घेतो. तिथे वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसून सरांनी लहानपणी गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकली. त्यांची पात्रे अजून प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतात. भिंगारच्या बाजारातूनही सर संवाद घेऊन येत, भाजी मात्र विसरत.

दोन वर्षांपूर्वी आजारपणात त्यांचा उजवा हात अधू झाला. "माझं लिहून झालं," ते म्हणाले. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. लिहिल्याशिवाय सर कसे राहणार?

गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावले. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलाच्या अक्षरात, नव्या नाटकाचे दोन अंक लिहिलेले होते. सर स्वतः वाचू लागले. दुसऱ्या अंकात म्हातारीच्या दारावर थाप पडते, तिथे काकूंचा हात थांबला आणि पुन्हा हललाच नाही.

"मंग? म्हातारी दार उघडती का न्हाई?"

"तिसरा अंक लिहायचाय अजून."

"मंग लिवा की."

माझे डोळे भरून आले. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा आहेच. पण त्या दिवशी काकूंनी उरलेल्या शेंगा न फोडता डब्यात भरून ठेवल्या आहेत, तिसऱ्या अंकासाठी.