बेडकाची सीडी आणि कुमुदिनीबाई

कुमुदिनीबाई ना पालीला भ्यायच्या, ना सापाला. उल्हासनगरच्या कॉलेजात त्यांचा जन्म प्राणिशास्त्र शिकवण्यात गेला होता. पण सत्त्याण्णव साली कॉलेजात कॉम्प्युटर आला आणि बाईंची पाचावर धारण बसली!

सोबत एक सीडी आली. तिच्यात बेडूक होता. माउसनं टिचकी मारली की त्याचं पोट उघडायचं, हृदयावर मारली की ते धडधडायचं. प्राचार्य म्हणाले, "विद्यापीठानं एकच दिलीय. त्यांची माणसं मंगळवारी तुमचा तास बघायला येतील. जपा हं!" झालं, बाईंची झोपच उडाली.

दर खंडेनवमीला बाई मायक्रोस्कोपला, चिमट्यांना हळदकुंकू वाहायच्या. यंदा सीडीही मांडली. छापलेलं नाव झाकायला नको म्हणून ती उलटी ठेवली आणि चकचकीत बाजूवर ओलं कुंकू लावलं. आता देवच सांभाळेल, म्हणाल्या.

सोमवारी तालमीला बसल्या. माउस चालवायला राही होती, वांगणीकडच्या पाड्यावरनं येणारी, बीएस्सीची मुलगी. मशीन नुसतं घरघरलं, बेडूक काही येईना. बाईंनी राहीला घरी पाठवलं आणि सीडी काढून पाहिली, तर लाल डाग! काचेच्या स्लाइड पुसायचं झायलीन हाताशीच होतं. त्याचा बोळा फिरवला. डाग गेला, पण सीडी दुधासारखी पांढरी पडली. त्यांनी ती गुपचूप डबीत घातली.

मंगळवारी पाहुणे यायच्या आधी, मुलांसमोरच प्राचार्यांनी डबी उघडली.

"काल कोण होतं इथं?"

"राही होती," शिपाईण गोजरबाई म्हणाली.

"तरी म्हटलं, पोरांना हात लावू देऊ नका! राही, आजपासून तुझं प्रॅक्टिकल बंद. परीक्षेचं विसर."

राही रडकुंडीला आली. "मी नाय केलं सर! बाई, तुम्ही सांगा ना."

बाईंच्या मनात आलं, सगळं कॉलेज हसेल, नोकरीवर गदा येईल, अंबरनाथला घरी तोंड कसं दाखवू? राही बघत राहिली, बाई जमिनीकडे. प्राचार्यांनी तिला दार दाखवलं. ती उंबऱ्याशी पोचली, तेव्हा कुठे बाईंच्या तोंडून फुटलं, "सर, मी केलं. मीच."

राही वळली. डोळे पुसत तिनं एवढंच विचारलं, "मग मघाशी का नाय बोललात, बाई?"

"भ्याले गं," बाई म्हणाल्या.