रंगाला भोकं नसतात

गल्लीत त्यांना सगळे ‘चष्मेवाले’ म्हणतात, पण त्यांच्या नाकावर चष्मा कधी कोणी पाहिला नव्हता. नोकरी चष्म्यांच्या दुकानात. दिवसभर दुसऱ्यांच्या नाकाची मापं काढायची, दांड्या वाकवायच्या, तिळाएवढे स्क्रू पिळायचे, आणि समोर कोणी पन्नाशीचं गिऱ्हाईक लाजत बसलं की समजूत घालायची, “अहो, चाळिशी कोणाला चुकलीय? लपवून काय होतंय?” हेच गृहस्थ घरी पेपर वाचताना तो असा लांब धरत, की समोरच्या घरातल्या काकूंना मथळे फुकटात वाचायला मिळत. बायको म्हणायची, “तुम्हाला चष्मा नकोच. हात तेवढे लांब करून घ्या.”

चष्मेवाले ऐकायचे नाहीत. स्क्रू तर ते बोटांच्या सवयीनंच बसवत. त्यामुळे आपली नजर शाबूत आहे, याची त्यांना बालंबाल खात्री होती.

तर अशा या माणसानं घराच्या अंगणात गाडीचं इंजिन बदलायला घेतलं.

गाडी सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर सासरेबुवा लेकीकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि ही फिकट हिरवी गाडी घेऊन. पुढे त्यांचे मोतीबिंदू पिकले आणि गाडी झाकून ठेवली. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, “आता खुशाल गाडी चालवा,” म्हातारबुवांनी हौसेनं आच्छादन काढलं, किल्ली फिरवली, आणि इंजिननं धूर ओकून मान टाकली. गॅरेजवाला पाहून गेला. “हिला विसरा आता,” एवढंच म्हणाला. त्यानंतर सासरेबुवा रोज सकाळी आंघोळ करून बंद गाडीत जाऊन बसायचे आणि हळूच स्टीअरिंग फिरवायचे. ते जावयाला बघवेना. हे मात्र खरं हं, माणूस मनानं वाईट नाही. छाती पुढे काढून ते म्हणाले, “बाबा, इंजिन मी घरीच बसवतो. त्यात काय एवढं? मोठ्या मापाचा चष्माच तो!”

भंगारवाल्याकडून त्याच जातीच्या अपघातातल्या गाडीचं इंजिन आलं. लोखंडी तिकाटण्याला साखळीनं टांगून ठेवलं. कपडे वाळत घालायची दोरी तिथून हलवावी लागली म्हणून बायको दोन दिवस धुसफुसत होती, ते वेगळं.

“जावईबापू, मलाही द्या की काहीतरी काम,” सासरेबुवा म्हणाले.

त्यांना चेंबर दिलं. चेंबर म्हणजे इंजिनच्या पोटाखालचं पत्र्याचं ताट, ज्यात ऑइल साठतं. सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून मध्ये गॅस्केटची पातळ पट्टी असते, आणि जुन्या गॅस्केटचा बुचासारखा थर ताटाच्या काठावर नि वर इंजिनलाही चिकटून बसलेला असतो. तो खरवडायचा, मग नवं गॅस्केट ठेवायचं आणि ते ताट इंजिनला खालून बोल्टांनी आवळायचं. सासरेबुवा स्टुलावर बसले, जावयानंच करून दिलेला जवळचा चष्मा लावला, आणि रॉकेलचा बोळा नि बोथट सुरी घेऊन असा काठ घासला, की काकू म्हणाल्या, “यात बघून वेणी घालता येईल हो!”

वरची बाजू, म्हणजे इंजिनचं पोट, चष्मेवाल्यांनी स्वतः साफ केलं. खाली आडवे झाले, फडकं फिरवलं, काळंभोर आणि गुळगुळीत दिसलं, उठले. झालं.

इंजिन गाडीत बसलं. सुरू केल्याबरोबर गुरगुरलं. गल्ली जमली होती, टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यांनी ऐटीत खाली पुठ्ठा सरकवला. थोड्याच वेळात पुठ्ठ्यावर ऑइलचा एक थेंब पडला. मग त्याचा भाऊ पडला. मग सगळं खानदान.

“बोल्ट सैल असतील,” म्हणत त्यांनी जोर लावून आवळले. गॅस्केट दाबून बाहेर आलं आणि गळती दुप्पट झाली. पुढच्या सुट्टीला चेंबर उतरवून नवं गॅस्केट घातलं. तेही गळलं. आता प्रेक्षकांना रंग चढला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हातातलं काम टाकून आला आणि म्हणाला, “चष्मेवाले, एक लंगोट बांधा की गाडीला! हवं तर इस्त्री करून देतो.”

सगळे फिदीफिदी हसले. चष्मेवाल्यांचे कान तापले. माणसाचे कान तापले की त्याला पहिला शोध लागतो तो दुसऱ्याच्या चुकीचा. त्यांनी चेंबर उतरवलं, उन्हात तिरपं धरलं, आणि काठावर कुठेतरी बोट ठेवून म्हणाले, “हे बघा! इथे ओरखडा आहे. इथेच घोडं पेंड खातंय.”

“कुठे?” सासरेबुवा वाकून बघू लागले. “मला तर काही—”

“तुम्हाला दिसणार नाहीच, बाबा! तुमच्या डोळ्यांचं काम नव्हतं हे. मीच मूर्ख, तुमच्या हातात सुरी दिली. दिसत नाही तर सांगावं ना माणसानं!”

हसणं थांबलं. इस्त्रीवाल्याला एकाएकी आपली इस्त्री आठवली. सासरेबुवांनी सुरी खाली ठेवली, एकेक बोट फडक्याला पुसलं, आणि शांतपणे म्हणाले, “खरं असेल. परवापासून मला धूसर वाटतंच आहे जरा.”

आणि आत निघून गेले. चष्मा स्टुलावरच राहिला.

रागावले असते तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला, मिटलं असतं. पण म्हातारबुवांनी ते खरं मानलं. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही त्यांचं मनावर घेऊ नका, ते चिडले की काहीही बोलतात.” त्यावर ते म्हणाले, “अगं, दुसरं कोणी म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं. डोळ्यांच्या धंद्यातला माणूस सांगतोय. त्याला नाही कळणार तर कोणाला?”

आठवडाभर घरात वेगळंच चाललं. सासरेबुवा खोलीतून बाहेर येताना भिंतीला हात लावून यायला लागले. पायरी उतरताना आधी पावलानं चाचपायचे. पेपर उघडायचे नाहीत. गाडीत जाऊन बसणंही थांबलं. एकदा जेवताना म्हणाले, “गाडी झाली की विकून टाका. मी काय आता चालवणार? उगाच कोणाला तरी धडक द्यायचो.” आणि रविवारी संध्याकाळच्या बसनं धाकट्या लेकीकडे जायचं ठरवून टाकलं. थोडे दिवस, असं म्हणाले, पण ट्रंक भरली होती. थोड्या दिवसांसाठी कोणी ट्रंक भरत नाही.

बायकोनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. “चहा ठेवलाय,” हे ती कपाटाला सांगायची, आणि चष्मेवाले कपाटाच्या वतीनं तो प्यायचे.

रविवारी सकाळी ते तिसरं गॅस्केट घेऊन गाडीखाली शिरले. निदान म्हातारबुवा जायच्या आधी गाडी नीट व्हावी, म्हणजे आपलं तोंड जरा तरी वर राहील, असा हिशेब. नवं लावण्याआधी इंजिनच्या पोटावरून सहज सुरी फिरवली, तर सुरीचं टोक कशात तरी अडकलं. त्यांनी जोर दिला. काळ्या रंगाचा एक लांबच लांब पापुद्रा सुटून त्यांच्या छातीवर पडला.

“रंग निघतोय वाटतं,” ते पुटपुटले. बाहेर आले. पापुद्रा उजेडात धरला, जवळ धरला, लांब धरला, हात संपला तरी नीट दिसेना. स्टुलावर सासऱ्यांचा चष्मा होता, आठवडाभर धूळ खात. इकडेतिकडे बघून, चोरानं हार गळ्यात घालून बघावा तसा, त्यांनी तो नाकावर चढवला.

जग एकदम पुढे आलं. आपल्या नखांतला मळ त्यांना दिसला. चेंबरचा काठ दिसला, एकही ओरखडा नसलेला, लख्ख. आणि हातातला पापुद्रा दिसला. त्याला ठरावीक अंतरावर गोल गोल भोकं होती.

रंगाला भोकं नसतात. बोल्टांची भोकं गॅस्केटला असतात.

म्हणजे जुनं गॅस्केट पहिल्या दिवसापासून वर चिकटलेलंच होतं. इंजिनच्या रंगाचं, इंजिनसारखंच काळं आणि कडक. दोन्ही वेळा चष्मेवाल्यांनी नवं गॅस्केट त्या जुन्यावरच चढवलं होतं. दोन गॅस्केटं एकमेकांवर घसरत होती आणि मधून ऑइल गळत होतं. जे त्यांनी साफ केलं होतं, तेच साफ नव्हतं.

असं वाटलं, की गाडीखाली परत शिरावं आणि जॅक काढून घ्यायला कोणाला तरी सांगावं.

पण माणसाचं मन मोठं कसबी. घडी घालून तो पापुद्रा त्यांनी खिशात कोंबला आणि स्वतःशी म्हटलं, आधी काम तर होऊ दे. पोट खरवडून आरशासारखं केलं. नवं गॅस्केट खालून लावताना सारखं घसरायचं, त्यावर त्यांना आपल्या धंद्यातली युक्ती सुचली. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच धरून ठेवायला नायलॉनचा बारीक दोरा असतो. त्यांनी चार भोकांतून दोरा ओवून गॅस्केट चेंबरला बांधलं, चेंबर वर चढवलं, बाकीचे बोल्ट हातानं धरवले, मग दोरे कापून ओढून घेतले आणि उरलेले चार बोल्ट घातले. एकेक समोरासमोरचा, हलक्या हातानं आवळला. झकास बसलं.

दुपारी इंजिन सुरू झालं. गल्ली परत जमली. पुठ्ठा सरकवला. सगळे माना वाकवून बघत राहिले. पुठ्ठा कोरडा. इंजिन तापलं, पंखा फिरला, तरी कोरडा.

“जिंकलात!” इस्त्रीवाला ओरडला. “लंगोट रद्द!”

“कसं काय जमवलंत हो?” काकूंनी विचारलं.

चष्मेवाले दोऱ्याची युक्ती सांगायला लागले. रंगवून सांगितली. दोरा सांगितला, गाठ सांगितली, खिशाचं नाव काढलं नाही. तेवढ्यात सासरेबुवा दारात आले. भिंतीला हात. पायरीवर पाऊल चाचपलं, उतरले, पुठ्ठ्याच्या दिशेनं बघितलं आणि लेकीला विचारलं, “कोरडा आहे ना गं?”

“आहे, बाबा.”

त्यांचा चेहरा खुलला. जावयाच्या पाठीवर थाप मारून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शाब्बास जावईबापू! बरं झालं, यावेळी मला हात लावू दिला नाहीत. माझ्यामुळे दोनदा वाया गेलं तुमचं काम.”

थाप हलकीच होती. चष्मेवाले तिच्याखाली मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुरुस्त झालेली गाडीच आता त्यांच्या खोटेपणाची साक्ष देत उभी होती. ते गप्प राहिले असते तर जन्मभर कोणाला कळलं नसतं, आणि म्हातारबुवा जन्मभर भिंत धरून चालले असते.

“बाबा,” ते म्हणाले. “इंजिन बंद करतो, थांबा.”

इंजिन बंद झालं. खिशात गेलेला हात बाहेर यायला वेळ लागला. त्यांनी तो काळा पापुद्रा सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

सासरेबुवांनी अंगठा फिरवला. “गॅस्केट आहे. जुनं. कुठे मिळालं?”

“वर चिकटलेलं होतं. पहिल्यापासून. माझ्या बाजूला.” त्यांनी इंजिनच्या पोटाकडे बोट दाखवलं. “तुमच्या चेंबरला ओरखडा नव्हता, बाबा. मी उगाच बोट ठेवलं. मला दिसलंच नव्हतं काही.”

म्हातारबुवा पापुद्र्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि लहान मुलासारखं विचारलं, “म्हणजे मला दिसतंय?”

याच्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं.

“दिसतंय, बाबा. चांगलं दिसतंय.” चष्मेवाल्यांची नजर पुठ्ठ्यावर खिळली होती. “धूसर मी करून ठेवलं.”

इस्त्रीवाल्यानंसुद्धा विनोद गिळला, आणि तो गिळताना त्याला किती त्रास झाला ते दिसत होतं. सासरेबुवा एक पाऊल पुढे आले, जावयाच्या नाकावरून आपला चष्मा काढून घेतला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. चष्मेवाले तो काढायचंच विसरले होते; गल्लीला युक्ती सांगितली तीही तो लावूनच.

“अरे, हा माझा आहे,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला कधी ‘अरे’ म्हटलं नव्हतं. “तुझा तू करून घे.”

मग लेकीला म्हणाले, “धाकटीला कळवलंय, तेव्हा जायला हवंच. पण बस कशाला? किल्ली दे.”

ट्रंक मागच्या सीटवर चढली. तिच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, चष्मेवाले. बायको पुढे. म्हातारबुवा स्टीअरिंगवर. गाडी गल्लीतून बाहेर पडली तशी इस्त्रीवाल्याला राहवलं नाही. “आजोबा, जपून! मागे नाजूक माल आहे!”

हमरस्त्याला लागल्यावर सासरेबुवांनी पाट्या वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. “सायकल पंक्चर. वह्या-पुस्तकं. दात काढून मिळतील.” एकही सोडत नव्हते. भिंतीवरच्या फाटक्या जाहिराती, बसच्या पाठीवरची अक्षरं, वळणावरच्या दगडांवरची अंतरं. दिसतंय म्हणून वाचत होते, दुसरं कारण नव्हतं, आवाजात टोमण्याचा अंशही नव्हता. आणि मागे बसलेल्या माणसाला प्रत्येक पाटी गालावर बसल्यासारखी लागत होती.

चौकात लाल दिवा लागला. गाडी नेमकी एका बंद दुकानासमोर थांबली. दुकान ओळखीचं होतं. चष्मेवाले रोज सकाळी त्याचं शटर उघडायचे. सासरेबुवांनी मान वळवली, शटरवरची पाटी शोधली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचली.

“येथे डोळे मोफत तपासून मिळतील.”

बायकोनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. आठवड्यात पहिल्यांदा हसत होती. चष्मेवाले खाली वाकले आणि पायाशी न पडलेलं काहीतरी शोधत बसले. हिरवा दिवा लागून गाडी पुलावर चढली, तरी त्यांना ते सापडलं नव्हतं.