खंडेनवमीचं रेकॉर्डिंग

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी तीन ते साडेतीन या वेळेत आमच्या तुळजापूरच्या घरातल्या संगणकावर वडिलांच्या आवाजाचा कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा होता. तो झाला नाही. त्या वेळी संगणक बंद होता आणि त्याला झेंडूचा हार घातलेला होता.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. निवृत्त होईपर्यंत ते बसस्थानकावर नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करत. एका वाहिनीने नवरात्रासाठी त्यांच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. चित्रीकरण श्रावणात झालं. भाद्रपदात सोलापूरला शस्त्रक्रिया करून त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर ते पाटीवर लिहून बोलत. आमच्याकडे त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिफीत नव्हती. चाळीस वर्षं जो आवाज रोज अख्ख्या स्टँडनं ऐकला, तो जपून ठेवावा असं घरात कुणाला वाटलं नाही. त्यात मीही आलो.

घरातला टीव्ही उन्हाळ्यात विजेच्या दाबाने जळाला होता. मी संगणकाला टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं आणि केबलची वायर त्यात जोडली. मालिका, बातम्या सगळं त्यावरच चाले. वेळ लावून ठेवली की कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होई. अट एकच, संगणक चालू हवा. आदल्या संध्याकाळी मी बातम्यांवर दोन मिनिटांची चाचणी घेतली, फाईल तयार झाल्याची खात्री केली आणि दुसऱ्या दिवशीची वेळ लावली. भावाला म्हणालो, "दादा, उद्या अण्णांचा कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड होणार आहे. कुणी काही करायचं नाही."

वाक्य मी असंच म्हणालो. 'बंद करू नका' असं म्हणालो नाही. संगणकावर चिठ्ठी लावली नाही. दुसऱ्यांच्या बातम्यांतली संदिग्ध वाक्यं कापण्याचा मला पगार मिळत होता.

सकाळी आठच्या गाडीने मी धाराशिवला वर्तमानपत्राच्या कार्यालयात गेलो. दसऱ्याच्या पुरवणीचं काम होतं. घरी काय झालं ते मी नंतर भावाला आणि वहिनीला वेगवेगळं विचारलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

अकराच्या सुमारास भावाने पूजा मांडली. त्याचं हळदीकुंकवाचं दुकान आहे. त्याचा तराजू, विळी, कोयता, माझ्या वह्या आणि पेनं पाटावर ठेवली. संगणक मेजावरून हलवता येत नव्हता म्हणून तो बंद करून, पुसून, जागेवरच त्याला गंध लावलं आणि हार घातला. आमच्या घरी पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत वापरत नाहीत. विद्येची वस्तू म्हणून अण्णांची पाटी आणि पेन्सिलही भावाने त्यांच्या मांडीवरून उचलून पाटावर ठेवली.

म्हणजे एका शस्त्रक्रियेने गेलेला आवाज होता, त्याच्या जागी आलेली पाटी होती आणि तीही एका दिवसासाठी काढून घेतली होती. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. पूजा मात्र यथासांग झाली.

पावणेतीनला अण्णा खाटेवर उठून बसले. संगणकाकडे बोट दाखवू लागले. मग तीन बोटं वर केली. पूजेला आलेले पाहुणे जेवायला बसले होते.

"तीन?" भाऊ म्हणाला. "अण्णा, एक पोळी घशातनं जाईना तुमच्या, अन् तीन मागताव व्हय?"

पंगतीत हशा झाला. अण्णांनी खाटेच्या लोखंडी पट्टीवर हात आपटला. पुन्हा संगणकाकडे बोट केलं.

वहिनी म्हणाली, "अवो, त्यांना टीवी बगायचाय वाटतं."

"आज न्हाय लावायचा. हार घातलाय त्याला. अन् ते आपोआप होतंय म्हणलाय की त्यो. उद्या निवांत बगू समदे." मग अण्णांकडे वळून, मोठ्याने, जणू त्यांचे कान गेले होते: "उद्या बगू, अण्णा! उद्या!"

अण्णा पाटाकडे जायला उठले. भावाने त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. झोप लागली नव्हती, एवढं तिला दिसत होतं.

तीन वाजता मी कार्यालयातल्या टीव्हीसमोर होतो. त्या टीव्हीचा आवाज कायम बंद असे. अण्णा माइकसमोर बसलेले दिसले. ओठ हलत होते. रिमोट हाताच्या अंतरावर होता. मी तो उचलला नाही, कारण मला पुरवणीचं पान छपाईला सोडायचं होतं आणि घरी रेकॉर्डिंग चालू होतं.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. भावाने पाटीवरच्या अक्षता झटकून ती अण्णांच्या हातात दिली. त्यांनी लिहिलं: "तीनला होता. बंद होतं." पाटी त्यांनी भावासमोर धरली. भावाने वाचलं.

"तूच म्हणलास न्हवं, आपोआप होतंय म्हणून," तो मला म्हणाला.

"चालू असल्यावर होतं, दादा."

"मग तसं सांगायचं की."

तो चपला घालून दुकानात निघून गेला. मी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोललो नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे राग कमी झाला नाही, वाढला.

वाहिनीला फोन केला. कार्यक्रम पुन्हा दाखवणार नाहीत, प्रत बाहेर देत नाहीत, असं एका माणसाने सांगितलं. नाव विचारलं तेव्हा त्याने फोन ठेवला. मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

संगणकात शोधल्यावर चाचणीची फाईल सापडली. आदल्या संध्याकाळच्या बातम्यांच्या मधोमध त्या कार्यक्रमाची जाहिरात लागलेली होती. फाईल दोन मिनिटांची आहे. तिच्यात अण्णांचा आवाज सहा सेकंद ऐकू येतो. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नळदुर्ग मार्गे उमरग्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक" इथपर्यंत. नंतर जाहिरातीचं संगीत सुरू होतं.